समासातलं काम

(आकाशवाणीवर झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



पावसाळ्यात चार-पाच दिवस झड लागते आणि मग एका सकाळी एकदम उघाड पडते. अशा सकाळी आमच्या धामणगाव बढ्याला रस्त्यात भेटणारा प्रत्येक जण दुसऱ्याला एकच गोष्ट विचारतो, "आज काय काम काढलं?" परक्या माणसाला वाटेल, हा आपला रामरामाचा प्रकार. पण विचारणारा स्वतःच अडलेला असतो. पाच दिवस गोठ्यात आणि ओट्यावर गेलेले असतात आणि आता सगळी कामं एकदम दारात येऊन उभी राहिलेली असतात. माणसं तेवढीच, बैलजोडी तेवढीच, आणि आभाळ पुन्हा केव्हा भरून येईल त्याचा नेम नाही. कामं कोणती आहेत हे सगळ्यांना पाठ असतं. पहिलं कोणतं, एवढंच दुसऱ्याला विचारून पाहावंसं वाटतं.

आज मला बोलायचं आहे ते या 'पहिलं कोणतं'बद्दल. वेळेचं नियोजन या विषयावर पुष्कळ पुस्तकं निघतात, शिबिरं होतात, मोबाइलमध्येही कामांची यादी ठेवायची सोय आली आहे. यादी कशी करावी हे त्यात छान सांगितलेलं असतं. मला यादी करणं कधीच अवघड गेलं नाही. मी शिक्षिका होते, टाचणं काढण्यात जन्म गेला. अवघड असतं ते यादी समोर ठेवून तिच्यावर बोट कुठे ठेवायचं हे. तिथे मी एकदा चुकले आणि त्याची किंमत आमच्या घरातल्या दुसऱ्याच माणसाने मोजली. म्हणून हा विषय घेतला.

आधी वावरातलं सांगते, कारण वावरात मी सहसा चुकत नव्हते.

बुलढाणा जिल्ह्याच्या मोताळा तालुक्यातलं आमचं गाव. कापूस, सोयाबीन, मका, तूर असा इथला खरीप. आमची जमीन साडेपाच एकर, तीही दोन ठिकाणी. तीन एकर नाल्याकडची काळी आणि अडीच एकर बरडावर. यजमान मलकापूरला एका जिनिंगमध्ये हिशेबाचं काम बघत. कापसाच्या हंगामात आठ-आठ दिवस तिकडेच राहत, एरवीही रात्री उशिरा येत. त्यामुळे शाळा सांभाळून वावराचं बघणं माझ्याकडे आलं. शाळेच्या आधी एक फेरी, शाळा सुटल्यावर एक फेरी, रविवार पूर्ण.

समजा, जुलैचा शेवटचा आठवडा आहे. झड उघडली आहे. चार बाया निंदायला यायला तयार आहेत. काळीत कपाशी आहे आणि तण तिच्या बरोबरीला आलं आहे. बरडावर सोयाबीन आहे, तिथलं तण वीतभरही नाही. कपाशीला युरिया द्यायचा राहिला आहे. गोठ्याचं एक पत्र वाऱ्याने उचकटलं आहे. नवखा माणूस बाया घेऊन तडक काळीत जाईल, कारण तिथलं तण डोळ्यांत खुपतं. पण पाच दिवसांच्या पावसानंतर काळी माती दोन-तीन दिवस पाय ठेवू देत नाही. डवरा घातला तर तो चिखलाने भरतो, जमीन दाबली जाते, आणि उपटलेलं तण ओल्या मातीत पुन्हा मूळ धरतं. दिवसभराची मजुरी देऊन आपण तणाची लावणी करून आलो असं होतं. बरडाचं पाणी मात्र लवकर उतरतं, दुपारपर्यंत तिथे खुरपं चालतं. म्हणून पहिला दिवस बरडाचा. तोवर काळीला वाफसा येतो. युरिया त्याच्याही नंतर, कारण तण काढायच्या आधी खत टाकलं तर पहिली पंगत तणाची होते.

म्हणजे बघा, एवढ्या कामांचा क्रम मी लावला असं म्हणताच येत नाही. बराचसा जमिनीने लावला आणि उरलेला कामांनी आपापसात लावला.

दुसरा हिशेब मुदतीचा. सोयाबीनचे पहिले 30 ते 45 दिवस आणि कपाशीचे पहिले 60 दिवस तण काढून ठेवा, असं कृषी विद्यापीठाचे लोक सांगतात. अकोल्याचं आमचं पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ 1969 साली झालं, पण हे गणित जुन्या माणसांनाही अंदाजाने ठाऊक होतं. सोयाबीनला फुलं लागली की त्यात डवरा घालायचा नसतो, मुळं तुटतात. तेव्हा मुदत आधी संपते ती सोयाबीनची. पेरणीचंही असंच. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस पडेपर्यंत पेरायचं नाही ही एक बाजू, आणि मूग-उडीद जुलैच्या पहिल्या आठवड्यापुढे न्यायचा नाही ही दुसरी. पाऊस लांबला तर मुगाचा बेत सोडून द्यावा लागतो, तुरीला अजून थोडी मुभा असते. आमच्याच जिल्ह्यात, जळगाव जामोद तालुक्यात, भेंडवळला अक्षय्य तृतीयेला घटमांडणी होते. पावसापाण्याचं, पिकांचं भाकीत ऐकायला माणसं लांबून येतात. पण झड उघडल्यावर मंगळवारी सकाळी चार बाया कोणत्या वावरात न्यायच्या, ते तिथेही कोणी सांगत नाही. ते ज्याचं त्याने बांधावर उभं राहून, मूठभर माती दाबून ठरवायचं.

वावरात 'कोणतं काम मोठं' हा प्रश्न फारसा येतच नाही. आज कोणतं होऊ शकतं, मुदत कोणाची आधी संपते आणि वेळ हुकली तर गेलेलं भरून निघतं का, एवढं बघायचं. उचकटलेलं पत्र पुढच्या रविवारीही ठोकता येतं. सोयाबीनचे गेलेले पंधरा दिवस आणून देता येत नाहीत.

घरी आल्यावर मात्र माझं हे शहाणपण उंबऱ्याबाहेर राहायचं.

पहिलं काम कोणतं म्हटलं की मराठी माणसाला तानाजी आठवतो. आधी लगीन कोंढाण्याचं. वर्गात हा पाठ मी किती वेळा शिकवला असेन! पण खरं सांगू का, तानाजीपुढची निवड कठीण होती ती धैर्याच्या दृष्टीने. कामं दोनच होती आणि त्यातलं मोठं कोणतं हे उघड होतं. आपल्यापुढे एका सकाळी सतरा कामं असतात आणि त्यातलं एकही कोंढाण्याएवढं दिसत नाही. गॅसची टाकी, मुलाची फी, बँकेत सही, शाळेचा पटाचा तक्ता, पाहुण्यांचं लग्न. सगळी सारखीच बारीक. एखादं आतून कोंढाण्याएवढं असलं तरी ते तसं सांगत नाही.

आमच्या घरी कामांची वही म्हणजे भिंतीवरचं कालनिर्णय. जयंतराव साळगावकरांनी 1973 साली ते सुरू केलं. लोक ते तिथी-सण बघायला आणतात, पण घराला त्याचा खरा उपयोग त्या तारखेच्या चौकोनांचा. दूध किती घेतलं, टाकी केव्हा लावली, गाय केव्हा भरवली, बचत गटाचा हप्ता, सगळं त्या चौकोनांत. मी माझी कामंही तिथेच लिहायची. सकाळी चहा टाकला की त्या दिवसाचा चौकोन बघायचा आणि कामाला लागायचं. व्यवस्था चांगली चालली होती. पण चौकोनाची एक खोड आहे, ती माझ्या फार उशिरा लक्षात आली. ज्या कामाला तारीख आहे, त्यालाच तिथे जागा. बिनतारखेचं काम लिहायचं कुठे? ते मी पानाच्या कडेला, कोऱ्या पट्टीत लिहायची. महिना संपला की पान उलटायचं आणि कडेची राहिलेली कामं नव्या पानावर उतरवून घ्यायची.

जुलै 2008 च्या पानावर कडेला मी लिहिलं, 'आत्याबाईंचे डोळे'.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. वय तेव्हा पासष्टीच्या पुढे, पण काटक. एका संध्याकाळी म्हणाल्या, "दिव्याच्या भोवती कडं दिसते वं माय, चंद्राले खळं पडते तसं." मी म्हटलं, मोतीबिंदू असेल, बुलढाण्याला दाखवून आणू. तर म्हणाल्या, "मले काय घाई हाय? तुह्यं निंदणाचं होऊ दे पयले. मी कुठी चालली पयून?"

मलाही ते पटलं. त्या काळी गावात सर्रास म्हणत, मोतीबिंदू पिकू द्यावा, मग काढावा. म्हणजे हे काम थांबलं तर बिघडत काहीच नाही, उलट थांबलेलं बरं. मी ते कडेला लिहिलं आणि लिहिलं म्हणजे आपण काहीतरी केलं, असं समाधानही मिळालं. हे समाधान फार फसवं असतं.

ऑगस्टमध्ये पान उलटलं, उतरवून घेतलं. ते वर्ष कर्जमाफीचं होतं. केंद्राने जाहीर केलेली ती माफी, याद्या, कागद, सोसायटीच्या फेऱ्या, सगळ्याला तारखा होत्या. मग कापूस वेचणी. दिवाळी. जानेवारीत नवं कालनिर्णय आलं, त्यावरही 'आत्याबाईंचे डोळे' सुवाच्य अक्षरात उतरवलं. मग 2009 च्या लोकसभा निवडणुकीचं प्रशिक्षण, मग मतदान, मग वार्षिक परीक्षेचे पेपर. प्रत्येक काम एखाद्या चौकोनात बसून माझ्याकडे बघत होतं. कडेचं काम मला रोज दिसायचं. रोज दिसायचं म्हणूनच दिसेनासं झालं होतं.

मध्ये मध्ये त्या कपाळ दुखतं म्हणायच्या, मी बाम चोळून द्यायची. दाराच्या चौकटीला खांदा लागायचा, त्या चौकटीलाच दोन शिव्या द्यायच्या. आम्ही हसायचो.

मेच्या सुटीत एक दिवस त्या अंगणात डाव्या बाजूला बांधलेल्या वासराला अडखळून पडल्या. लागलं फार नाही. पण वासरू तिथे सकाळपासून होतं, हंबरत होतं, आणि ते त्यांना दिसलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने आम्ही निघालो. मोताळा, राजूर घाट, बुलढाणा. घाटात त्या खिडकीशी बसून बाहेर बघत होत्या. काय दिसत होतं कोण जाणे.

डॉक्टरांनी तपासलं, दाब मोजला, पुन्हा मोजला. मग विचारलं, "कडं दिसायला लागून किती दिवस झाले?" श्रोतेहो, अशा प्रश्नाला माणसं साधारण 'बरेच दिवस झाले' म्हणतात. मला तारीख पाठ होती. अकरा पानांवर माझ्याच अक्षरात लिहिलेली होती.

तो मोतीबिंदू नव्हता, काचबिंदू होता. मोतीबिंदूत भिंग गढूळ होतं, ते काढून नवं बसवलं की बहुधा पुन्हा दिसतं. काचबिंदूत मागची नसच मरत जाते, बहुतेक वेळा डोळ्यातला दाब वाढून. बाजूची नजर आधी जाते म्हणून माणसाला कळत नाही, आणि गेलेली नजर परत येत नाही. डावा डोळा जवळजवळ गेला होता. उजव्याची बाजू आखडली होती, पण समोरचं शाबूत होतं. लेझर केलं, थेंब लिहून दिले. उरलेलं टिकवायचं, एवढंच आता हातात आहे, असं डॉक्टर म्हणाले. परतीच्या एसटीत मी काही बोलू शकले नाही. त्याच म्हणाल्या, "जाऊ दे. एक हाय ना अजून."

बाहेरून दोन्ही कामं सारखीच दिसत होती. एक थांबण्यासारखं होतं, दुसरं एक दिवसही थांबण्यासारखं नव्हतं. कोणतं आहे हे कळायला एक फेरी पुरली असती. वावरात मी मूठभर माती दाबून पाहिल्याशिवाय कधी ठरवलं नाही. इथे मी मातीला हात न लावता वाफसा ठरवून मोकळी झाले होते.

त्या वर्षी दिवाळीला पुतण्या पुण्याहून आला. तो संगणकाच्या कंपनीत. मी हे सगळं त्याला सांगितलं तेव्हा त्याने सांत्वन केलं नाही, म्हणाला, "काकू, आमच्याकडे याला नाव आहे. उपासमार." मला वाटलं चेष्टा करतो आहे. तर नाही. संगणकापुढेही एका वेळी ढीगभर कामं असतात आणि पुढचं कोणतं हे त्याला क्षणाक्षणाला ठरवावं लागतं. कामांना वरचा-खालचा क्रमांक दिलेला असतो. वरच्या क्रमांकाची कामं सतत येत राहिली तर खालचं काम रांगेत बसूनच राहतं. कोणी त्याला नाही म्हणत नाही, फक्त त्याची पाळी येत नाही. त्याच्या विषयाच्या पुस्तकात एक किस्सा सांगतात, ऐकीव म्हणूनच सांगतात. अमेरिकेत एमआयटी या संस्थेत आयबीएमचा एक जुना संगणक होता. 1973 साली तो बंद केला तेव्हा त्यात 1967 साली दिलेलं एक काम सापडलं. सहा वर्षं त्याची पाळीच आली नव्हती. किस्सा खरा असो वा रचलेला, मला त्या कामाची दया आली.

"मग यावर तुमच्याकडे उपाय काय?" मी विचारलं. तो म्हणाला, सोपा आहे. काम जितका वेळ थांबेल तितका त्याचा क्रमांक वर चढवत न्यायचा. कितीही क्षुल्लक काम असलं तरी थांबून थांबून ते एक दिवस सगळ्यांच्या वर येतं. याला ते लोक कामाचं वय वाढणं म्हणतात. माझ्याकडे नेमकं उलटं चाललं होतं. काम जितकं जुनं होत होतं तितकं ते माझ्या नजरेतून उतरत होतं.

त्याने दुसरी एक गोष्ट सांगितली, ती मंगळावरची. 1997 च्या जुलैत पाथफाइंडर नावाचं यान मंगळावर उतरलं. काही दिवसांनी त्याचा संगणक आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू व्हायला लागला. पृथ्वीवर बसलेल्या मंडळींनी शोधून काढलं ते असं. यानात हवामानाची माहिती गोळा करणारं एक खालच्या क्रमांकाचं काम होतं. सर्वांत महत्त्वाच्या कामाला जे हवं होतं, ते या छोट्या कामाने धरून ठेवलेलं असायचं. ते छोटं काम आटोपलं असतं तर मोठं पुढे सरकलं असतं. पण मधल्या क्रमांकाची कामं येऊन छोट्याला बाजूला सारत होती. छोटं रखडलं म्हणून मोठं रखडलं, आणि मोठं रखडलं म्हणून सगळं यान दचकून पुन्हा पहिल्यापासून सुरू होत होतं. उपाय काय केला? मोठं काम ज्याच्यावाचून अडलं आहे, त्या छोट्याला तेवढ्यापुरतं मोठ्याचंच वजन दिलं.

मी कालनिर्णयाकडे बघत बसले. आत्याबाईंना बुलढाण्याला न्यायला मला हवी होती अर्ध्या दिवसाची रजा. चार ओळींचा अर्ज. तो अर्ज लिहायचं काम इतकं फालतू होतं की ते मी कुठल्या चौकोनात लिहिलंच नव्हतं. रजा मला कोणी नाकारली नाही. मी ती मागितलीच नाही.

पुढे त्याच पुतण्याने मला डेव्हिड अॅलन यांच्या 2001 सालच्या पुस्तकाची ओळख करून दिली. कामं हातावेगळी करण्याविषयीचं हे पुस्तक जगभर गाजलं. त्यातलं सगळंच मला मानवलं असं नाही, पण दोन गोष्टी नेमक्या लागल्या. पुढचं काम निवडताना त्यांनी क्रम असा लावला आहे. आधी बघा तुम्ही कुठे आहात आणि तिथे काय होऊ शकतं, मग हाताशी वेळ किती, मग अंगात बळ किती. महत्त्वाचं कोणतं, हा प्रश्न शेवटी. हे ऐकून मला वाफसाच आठवला. दिवसभर निंदून आलेली बाई रात्री पटाचा तक्ता भरायला बसली तर बेरीज चुकणारच, तेव्हा तिने तुरीची डाळ निवडावी आणि तक्ता पहाटे भरावा.

दुसरी गोष्ट अशी, की यादीत लिहिताना हाताने करायची पुढची कृती लिहा. 'आत्याबाईंचे डोळे' हे मुळात काम नव्हतंच. तो एक ढीग होता. काम होतं 'रजेचा अर्ज लिहिणे' आणि मग 'गुरुवारी सकाळच्या एसटीने जाणे'. ढिगाकडे बघून कोणाचाही हात पुढे होत नाही.

आयझेनहॉवरची चौकट मात्र माझ्या पचनी पडली नाही. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष असताना 1954 मधल्या एका भाषणात त्यांनी तातडीचं आणि महत्त्वाचं असा भेद सांगितला होता, तोही दुसऱ्या कोणाचं वचन म्हणून. पुढे स्टीफन कव्ही यांच्या पुस्तकामुळे त्याचे चार खण घरोघरी पोचले. शिबिरांत फळ्यावर काढतात ते. आता जुलैत माझी वावरातली सगळी कामं एकाच खणात, तातडीची आणि महत्त्वाची. बाकीचे तीन खण मोकळे. आणि आत्याबाईंचे डोळे मी प्रामाणिकपणे 'महत्त्वाचं पण तातडीचं नाही' याच खणात टाकले असते. चौकट चुकीची आहे असं मी म्हणत नाही. पण कुठलं काम कुठल्या खणात, हे ती सांगत नाही, आणि माझी चूक तिथेच झाली होती.

तेव्हापासून मी एक करते. पान उलटताना कडेचं काम नव्या पानावर उतरवलं की त्याच्यापुढे एक उभी रेघ मारते. दुसऱ्या महिन्यात दुसरी. तिसरी रेघ आली की ते काम कडेला राहू शकत नाही. एक तर त्याला त्याच आठवड्यातला चौकोन द्यायचा, पुढची कृती लिहून, नाहीतर सगळ्यांसमोर खोडायचं. खोडण्यालाही धीर लागतो बरं का. 'गच्चीवर पत्र्याचं शेड' हे काम मी कितीतरी वर्षं जपलं होतं. तिसऱ्या रेघेला खोडलं. घरात कोणाला आठवणही नाही. जुन्या फोटोंचा अल्बम दोनदा खोडला आणि दोनदा परत लिहिला, तो अजून लोंबकळतो आहे. रोज नव्या कामाला रेघा नाहीत, त्याचा निकाल वावरासारखाच लागतो. आणि जे काम थांबलं तर काय बिघडेल हे मला माहीतच नाही, ते आधी एकदा बघून यायचं. करायचं नंतर, बघायचं आधी.

ही व्यवस्था दर वेळी चालते असं नाही. एका वर्षी तर नवं कालनिर्णयच फेब्रुवारीत आणलं, तोवर कडेच्या निम्म्या कामांचा पत्ता लागला नाही.

आत्याबाई त्यानंतर सात वर्षं होत्या, 2016 मध्ये गेल्या. रात्री नऊला थेंब घालायचे. झड असो, लग्न असो, निवडणूक असो, नऊ वाजले की त्या खाटेवर आडव्या होऊन मान वर करायच्या आणि म्हणायच्या, "टाक वं." उजवा डोळा शेवटपर्यंत टिकला. कपाशीचं बोंड उमललेलं त्यांना बांधावरून दिसायचं. मला त्यांनी कधी काही ऐकवलं नाही. त्यांनी एकदा तरी ऐकवायला हवं होतं असं मला वाटतं, पण ते माझं.

काचबिंदू घरातल्या रक्ताच्या माणसांत उतरण्याची शक्यता जास्त असते. डॉक्टरांनी तेव्हाच बजावलं होतं की मुलांना नियमित दाखवत जा. यजमानांना मी दर वर्षी नेत होते. दोन वर्षांपूर्वी एक फेरी चुकली, गेल्या वर्षी घरातल्या एका लग्नात राहून गेलं. या वर्षी कडेला लिहिलं, 'यांचे डोळे'. मग स्वतःचंच लिहिलेलं वाचून खोडलं आणि लिहिलं, 'डॉक्टरांकडे फोन करून वेळ घेणे'. फोन झाला, मग पेरणी आली, वेळ बदलून घेतली. ते म्हणतात, "मला नीट दिसतंय, तुझं निंदणाचं आटपू दे आधी." आवाजसुद्धा आईसारखाच काढतात.

परवा पान उलटलं आणि तिसरी रेघ आली. गुरुवारच्या चौकोनात लिहिलं आहे, साडेसातची एसटी. आभाळ उघडलं आहे, गुरुवारपर्यंत बरडावर वाफसा येईल असं दिसतंय. बायांना शुक्रवारी या म्हणून निरोप धाडला आहे.